एकशेदहाची हवा

सायकल विकायची असं मी एका सोमवारी ठरवलं आणि मंगळवारी आमच्या चष्म्याच्या दुकानाच्या काचेवर आतून चिठ्ठी चिकटवली. आठवडाभरात तिघांनी चौकशी केली. पहिल्याने विचारलं, "बाईमाणसाची सायकल, म्हणजे फारशी चाललेली नसेल ना?" त्याला मी दुकानाचा दरवाजा दाखवला. दुसऱ्याला ती शोभेसाठी भिंतीवर टांगायची होती. तिसरा दातांचा डॉक्टर, पलीकडच्याच गल्लीतला, बोलायला मऊ. मी तीनदा तिरकं बोलले तरी त्याच्या कपाळावर आठी पडली नाही. तो रविवारी अकरा वाजता सायकल बघायला येणार असं ठरलं.

विकायचं कारण मी कोणाला सांगितलं नव्हतं. कोणी विचारलं की मनगटं दुखतात म्हणायचे, आणि ते काही खोटं नव्हतं. पण खरं कारण वेगळं होतं. पाण्याच्या टाकीमागे एक दगडी फरसबंदीचा रस्ता आहे, जेमतेम चारशे पावलांचा. पूर्वी मी त्या रस्त्यावरून जायचे तेव्हा सायकल माझ्याखाली गुणगुणायची. दगड लागायचे, पण टोचायचे नाहीत. एकेक दगड टायर समजून घ्यायचा आणि मगच मला सांगायचा, तोही हळू आवाजात. ती चाल मला पुन्हा एकदा हवी होती. चार वर्षं मी ती शोधत होते. सायकल तीच, रस्ता तोच, टायर त्याच कंपनीचे, मीही तीच, थोडी जाड झालेली. तरी ती चाल काही केल्या मिळेना. मग ती सायकल घरात ठेवून रोज तिचं तोंड बघण्यात काय अर्थ होता?

माझा नवरा सायकली दुरुस्त करायचा. सगळं गाव त्यांना मिस्त्री म्हणायचं, मीही लोकांत मिस्त्रीच म्हणायचे आणि घरात अहो. त्यांचं दुकान म्हणजे एक लांबट खोली. डाव्या भिंतीला चाकं टांगलेली, उजव्या भिंतीला हत्यारं, प्रत्येक हत्याराच्या मागे भिंतीवर त्याची रंगाने काढलेली आकृती. पाना जागेवर नसला की ती रिकामी आकृती माझ्याकडे बघायची आणि मिस्त्री घेणाऱ्याच्या नावाने ओरडायचे. घेणारे बहुतेक वेळा स्वतःच असायचे. दाराशी एक तीन पायांचं लाकडी स्टूल होतं. गुडघ्याची शस्त्रक्रिया झाल्यावर त्यांना सायकल चालवता येईना, तेव्हापासून ते त्या स्टुलावर जास्त आणि उभे कमी असायचे.

दुसऱ्याच्या सायकली दुरुस्त करायच्या आणि आपल्याला एकीवरही बसता येत नाही, हे त्यांना किती लागत असेल ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही. त्यांनी एक युक्ती काढली. दुकानात नवीन टायर आले की त्यातली एक जोडी माझ्या सायकलीला चढवायची, टायरवरच्या नावावर काळी चिकटपट्टी लावायची आणि मला म्हणायचं, "बाई, जाऊन या." मी ठरलेला अकरा किलोमीटरचा फेरा मारून यायचे. आधी चढ, मग लोखंडी सांध्यांचा पूल, मग नवं डांबर, मग टाकीमागची फरसबंदी. परत आले की स्टुलावरून एकच प्रश्न यायचा, "कसं वाटलं?" किती वेळ लागला, किती जोरात गेलीस, हे त्यांनी कधीच विचारलं नाही.

मी सांगायचे. "हा मुका आहे. रस्ता काय म्हणतोय त्याचा पत्ताच लागू देत नाही." किंवा, "हा भारी चोंबडा आहे, नको ते सगळं सांगतो, खडा न् खडा." किंवा, "चढाला हा मागून पदर धरून ठेवतो." एकदा एका फार नावाजलेल्या टायरबद्दल मी सांगितलं की सरळ रस्त्यावर हा गोड बोलतो आणि वळणावर शब्द फिरवतो. मिस्त्रींनी पट्टी काढून नाव वाचलं आणि इतके हसले की गुडघा धरून बसले. तो टायर त्यांनी पुन्हा कधी मागवला नाही. गिऱ्हाइकंही विचारायला लागली, "बाईंचं काय मत आहे?" मिस्त्री सांगायचे, "बाईंना हा पसंत आहे. घेऊन जा, हवा मी भरून देतो."

खरं म्हणजे ही पद्धत त्यांनी माझ्याच कामातून उचलली होती. मी चष्म्याचे नंबर काढते. माणसाच्या नाकावर जड चौकट ठेवायची, तिच्यात एक भिंग घालायचं आणि विचारायचं, आता कसं दिसतंय? मग दुसरं घालायचं. हे बरं की आधीचं बरं? ह्या कामातली मेख अशी की लोकांना एकदम मोठा नंबर देऊन चालत नाही. दिला की ते चौकट काढून टाकतात आणि चक्कर आली म्हणतात. पाव-पाव नंबराने पुढे न्यायचं, मध्येच एकदा जरा जास्त पुढे नेऊन बघायचं, नको म्हणाले की मागे यायचं. आपण कुठून कुठे आलो हे त्यांच्या लक्षातही येऊ द्यायचं नाही. मिस्त्रींना ह्या कामाचं फार अप्रूप. जेवताना खोदून खोदून विचारायचे, "आणि त्याला कळतच नाही?" मी म्हणायचे, "कळलं तर तो हट्टाला पेटतो. लोकांना आपले डोळे बिघडलेत हे मान्यच नसतं."

आमचं सगळं जमायचं, हवा सोडून. माझ्या वडिलांनी मला सायकल शिकवली तेव्हा सांगितलं होतं की टायर दगडासारखा टणक पाहिजे, तरच सायकल पळते. मी एकशेदहा पौंड हवा भरायचे. एकशेनऊ नाही. दर दिवशी सकाळी, माझ्या स्वतःच्या पंपाने, माझ्या स्वतःच्या हाताने. दुकानात गिऱ्हाइकांसाठी मोठा पंप होता, पण माझा घरात दारामागे असायचा आणि त्याला दुसऱ्या कोणी हात लावलेला मला चालायचा नाही. मिस्त्री म्हणायचे, "बाई, तुझ्या वजनाला एवढी हवा म्हणजे सायकल रस्त्यावरून चालत नाही, उड्या मारत जाते. उडी मारण्यात जोर वाया जातो." मी म्हणायचे, "तुम्ही चालवता का मी?" हे मी बोलायला नको होतं. त्यांच्या गुडघ्याकडे बघून तर मुळीच नको होतं. पण मी बोलायचे, आणि ते पुन्हा हातातल्या चाकाकडे वळायचे.

मग एका सकाळी फरसबंदीवर माझं मागचं चाक उडालं आणि खाली आलं ते भलतीकडेच. मी आडवी झाले. खांद्याजवळचं हाड मोडलं. मिस्त्री दवाखान्यात आले तेव्हा त्यांच्या हातांना ग्रीस तसंच होतं. ते बाकावर बसून हातांकडे बघत राहिले, मग म्हणाले, "थोडीशी हवा कमी कर. माझ्यासाठी."

मी म्हटलं, "हवा कमी करायची असेल तर सायकलच नको. मी आपली पायी फिरेन."

तीन दिवस आम्ही एकमेकांशी बोललो नाही. चौथ्या दिवशी चहाचा कप माझ्या डाव्या हातात देत ते म्हणाले, "बरं बाई, तुझं खरं." भांडण मी जिंकले होते. त्यांच्याशी भांडण हरल्याचं मला तरी आठवत नाही.

माझा हात गळ्यात होता त्याच दिवसांत त्यांनी मला ती भेट दिली. पंपाच्या काट्यामागची छापील तबकडी फार बारीक आकड्यांची होती, आणि मी, लोकांना चष्मे देणारी, वाकून डोळे बारीक करून ती वाचायचे. मिस्त्रींनी जाड चित्रकलेच्या कागदाची नवी तबकडी कापली, काळ्या शाईने मोठे ठसठशीत आकडे काढले आणि काचेखाली बसवली. त्यांच्या सातच्या आकड्याला एक शेपटी असायची. ती तबकडी दाखवत ते म्हणाले, "चष्मेवाल्या बाईंना आता चष्मा न लावता दिसेल." लग्नाला अठरा वर्षं झाली होती. तोवर त्यांनी मला साखळीचं तेल, घंटी आणि एकदा मोठ्या मनाने खोगीर दिलं होतं. ही पहिली भेट अशी की ती मी दिवसातून तीनदा जाऊन बघितली. पुढे अधूनमधून ते काच उघडायचे. कागदाला तेल लागलं, पिवळा पडला, नवा लावतो, म्हणायचे. मला वाटायचं, काय हौस आहे या माणसाला.

सायकल गुणगुणायला लागली ती त्यानंतर. एकदम नाही, वर्ष-दीड वर्षाने असेल. तोपर्यंत मी फरसबंदी दात आवळून काढायचे. तेव्हा दुकानात तपकिरी कडांचे सुती टायर आले होते, मी तेच लावले होते, आणि एका सकाळी चारशे पावलं कधी संपली ते मला कळलंच नाही. परत येऊन मी मिस्त्रींना सांगितलं, "हा टायर ठेवा. हा बदलायचा नाही." ते स्टुलावर बसून माझ्याकडे नुसते बघत होते. काय बघताय, म्हटलं तर म्हणाले, "काही नाही. कसं वाटलं ते सांग ना अजून." मी अर्धा तास सांगत होते. त्यानंतरची नऊ वर्षं म्हणजे माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली वर्षं. हे मी तेव्हा त्यांना सांगितलं नाही. माणूस समोर असला की असलं काही तोंडातून निघत नाही.

चार वर्षांपूर्वी एका दुपारी दुकानातून मला फोन आला. मी पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. हृदय बंद पडलं, स्टुलावर बसल्या बसल्या. हातात कोणाचं तरी पेडल होतं.

दुकान रिकामं केलं. हत्यारं गेली, भिंतीवर त्यांच्या आकृत्या राहिल्या. स्टूल मी घरी आणलं. पंप मात्र मला दारामागे बघवेना. सकाळी हवा भरायला बसले की तो शेपटीवाला सात समोर यायचा आणि माझा हात दांड्यावर तसाच राहायचा. मिस्त्रींची धाकटी बहीण शाळेत खेळ शिकवते. मी तिला म्हटलं, "वन्सं, हा घेऊन जा. तुमच्या सायकलीला होईल." आणि मी स्वतःला नवा पंप आणला. त्याला काटा नाही, छोट्या पडद्यावर हिरवे आकडे उमटतात. एकशेदहा म्हणजे एकशेदहा. हात मात्र जास्त मारावे लागायचे. मी म्हटलं, आजकालच्या वस्तू.

त्या पंपाने हवा भरून पहिल्यांदा फरसबंदीवर गेले तेव्हा प्रत्येक दगड मनगटात शिरला. वाटलं, दुःखामुळे असं लागतंय. दुःखात सगळंच टोचतं, अंथरूणसुद्धा. पण सहा महिने झाले, वर्ष झालं. मी पुन्हा हसायला लागले, गिऱ्हाइकांवर डाफरायला लागले, रात्री झोपायला लागले, आणि फरसबंदी टोचतच होती.

मग मला संशय आला की कंपनीने रबर बदललं. तेच तपकिरी टायर मी नवे आणले होते. नाव तेच, कडा त्याच, चाल भलत्याचीच. मी कंपनीला पत्र लिहिलं. चांगलं दोन पानी. त्यात मी लिहिलं की एवढी वर्षं विश्वासाने वापरणाऱ्या माणसाला असं फसवणं बरं नव्हे, रबर बदलायचं तर उघड सांगून बदलावं. त्यांचं उत्तर आलं, फार नम्र. चौदा वर्षांत त्या टायरमध्ये काहीही बदल केलेला नाही. खाली एक ओळ होती, आपण हवेचा दाब किती ठेवता ते कळवल्यास मदत करता येईल. म्हणजे हे मला हवा भरायला शिकवणार. मी ते पत्र दुमडून डगमगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली घातलं.

नंतर मी दुसरे टायर करून बघितले, एकामागून एक, कोणी वेड लागलेलं माणूस घरं बदलतं तसे. पंक्चर होणार नाहीत अशी हमी असलेले जाड टायर आणले. त्यांवर बसलं की गमबूट घालून नाचल्यासारखं वाटायचं. शर्यतीचे अगदी बारीक टायर आणले. ते गुळगुळीत डांबरावर वाऱ्यासारखे जायचे आणि पुलाचा पहिला सांधा आला की माझे दात एकमेकांवर आपटायचे. रुंद टायर आणले, सगळे म्हणाले गादीसारखे आहेत; माझ्या हवेला ते चेंडूसारखे उसळायला लागले. शेवटी ट्यूब नसलेले, आत दुधासारखं औषध घातलेले आणले. ते बसवताना माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर उडालं, त्याचा डाग अजून आहे. ते टायर वाईट नव्हते. पण जेवणाच्या टेबलावर एखादा परका पाहुणा फारच चांगला वागतो, तसे ते होते.

प्रत्येक वेळी परत आले की सायकल भिंतीला टेकवायची आणि तोंड उघडायचे. सांगायला खूप असायचं. मुका आहे, चोंबडा आहे, शब्द फिरवतो. आणि समोर नुसतं स्टूल. पहिल्या वर्षी मी स्टुलालाही सांगून बघितलं. मग ते सोडून दिलं. टायरची चाल कोणी विचारणारंच नसेल तर ती कळूनही उपयोग नसतो. मला चाल हवी होती, आणि ती सांगून झाल्यावरचा तो अर्धा तास हवा होता. अर्धा तास मिळणार नाही हे मला कळत होतं. चाल तरी मिळावी, एवढंच मागत होते.

तर त्या शनिवारी दुपारी मी सायकल पुसली, जुनी तपकिरी टायरची जोडी पुन्हा चढवली. डॉक्टरला द्यायची तर तिच्या नेहमीच्या रूपात द्यावी, आणि रविवारी सकाळी शेवटचा फेरा मारावा असं मनात होतं. हवा भरायला घेतली तर पंपाच्या पडद्यावर काहीच उमटेना. सेल संपला होता. तसला चपटा सेल जवळच्या दोन्ही दुकानांत नव्हता. मी चालत वन्संकडे गेले.

वन्सं अंगणात शाळेच्या जाळ्यांच्या गाठी सोडवत बसल्या होत्या. पंप म्हटल्यावर त्यांनी आत जाऊन आणून दिला.

"वहिनी, ठेवा तुमच्याकडेच," त्या म्हणाल्या. "दादाची आठवण म्हणून ठेवला होता, पण कामाचा नाही. ह्याने भरली की हवा मला कमीच वाटते."

"तुमच्या हातात जोर नाही," मी म्हटलं.

"मी रोज चाळीस मुलांना पळवते."

"पळवायला पाय लागतात, वन्सं. हवा भरायला हात."

त्या हसल्या आणि दारापर्यंत सोडायला आल्या. "सायकल खरंच विकताय?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. त्यांनी माझा हात दाबला.

रविवारी सकाळी मी शेपटीवाल्या सातासमोर बसले. चार वर्षांनी बघत होते. शाई थोडी फिकी झाली होती. काटा मोठ्या एकशेदहावर आला, मी थांबले, दुसरं चाक तसंच भरलं. अंगठ्याने दाबून बघितलं, टणक. निघाले.

चढावरच काहीतरी निराळं वाटलं. मी मनाला म्हटलं, गप्प बस, शेवटचा फेरा आहे म्हणून लाड करतेस. पुलावर लोखंडी सांधे नुसते टकटक करून गेले. डांबरावर टायरचा तो सुती आवाज आला, कापड फाडताना येतो तसा, पण बारीक. मी पाय जोरात मारायला लागले. मी टाकीला वळसा घातला आणि फरसबंदीवर उतरले.

ती चाल होती. तीच. पहिल्या दगडापासून शेवटच्या दगडापर्यंत सगळी तिथेच होती, जणू चार वर्षं ती टाकीमागे बसून माझी वाट बघत होती. शेवटच्या दगडावरून डांबरावर आले तेव्हा मला रस्ता दिसत नव्हता. मी सायकल कडेला घेतली, एक पाय टेकवला आणि तोंडावर हात धरून रडले. मग मागे फिरले आणि फरसबंदी पुन्हा काढली. मग आणखी एकदा.

घरी आले तेव्हा अकराला पाच मिनिटं कमी होती आणि दातांचा डॉक्टर दारात उभा होता. त्याला हाकलून द्यायचा जोर माझ्यात नव्हता. तो सायकलीभोवती फिरला, ब्रेक दाबून बघितले, मग खिशातून हवा मोजायचं छोटं यंत्र काढून आधी पुढच्या आणि मग मागच्या व्हॉल्व्हला लावलं.

"वा," तो म्हणाला. "पंच्याऐंशी. दोन्हीकडे. काकू, हवा मात्र अगदी बरोबर ठेवलीत. लोक उगाच टायरचा दगड करून ठेवतात."

"एकशेदहा आहे," मी म्हटलं.

"पंच्याऐंशी."

"तुमचं यंत्र बिघडलंय. आत्ता सकाळी मी स्वतः भरली आहे."

तो भांडला नाही. यंत्र त्याने माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, तुम्हीच बघा. मी पंप आणला, नळी लावली, काटा मोठ्या एकशेदहावर आणला, आणि लगेच त्याचं यंत्र लावलं. पंच्याऐंशी. पुन्हा केलं. पंच्याऐंशी. तो म्हणाला, "तुमच्या पंपाची तबकडी हाताने काढलेली दिसते."

मी त्याला चहा विचारला नाही, बसाही म्हटलं नाही. आत जाऊन चष्म्याच्या काड्या आवळायचा बारीक स्क्रूड्रायव्हर आणला आणि काचेचे तीन स्क्रू काढले. तबकडीच्या कागदाला कडेपासून मधोमध एक चीर होती, काट्याखालून सरकवता यावा म्हणून. नखाने उचलला तर एक कागद निघाला नाही. सगळी चळत निघाली. खाली कंपनीची मूळ बारीक आकड्यांची तबकडी होती, आणि तिच्यावर मोठ्या एकशेदहाच्या जागी छापलं होतं पंच्याऐंशी.

चळत मी उलटी करून टेबलावर ठेवली. सहा कागद होते, कडेला चिमूटभर गोंदाने चिकटवलेले. प्रत्येकाच्या मागे पेन्सिलने लिहिलेलं होतं. सगळ्यात खालचा म्हणजे पहिला, तो आता वर आला होता. त्यावर होतं, "१०५. फरक नाही म्हणाली."

दुसऱ्यावर, "१००. चढाला आज बरं वाटलं म्हणाली. वारा मागून असेल म्हणाली."

तिसऱ्यावर, "९५. मनगट कमी दुखलं. मलम चांगलं आहे म्हणाली."

चौथ्यावर, "९०. काही बोलली नाही. जेवताना दोनदा हसली."

पाचव्यावर, "८०. टायर वळणावर शब्द फिरवतो म्हणाली. जास्त झालं. मागे."

सहावा कागद मला उलटवेना. डॉक्टर माझ्याकडे न बघता खिडकीबाहेर बघत होता, त्याबद्दल मी त्याची आभारी आहे. मग मी उलटवला.

"८५. टाकीकडून येताना लांबूनच ऐकू आली. गुणगुणत येत होती. ती स्वतः. तिला माहीतच नाही. आता इथेच थांबायचं."

मी तो कागद पहिल्या शब्दापासून पुन्हा वाचला. डॉक्टरने शेवटी हळूच विचारलं, "काकू, सायकलचं काय ठरलं?" मी म्हटलं, विकायची नाही, माफ करा. तो म्हणाला, कळलं. आणि तो माणूस खरंच काही न विचारता निघून गेला. त्याच्याकडे मी आता दात दाखवायला जाते.

तो गेल्यावर मला आधी आला राग. अकरा वर्षं हा माणूस रोज सकाळी मला फसवत होता, माझ्याच डोळ्यांदेखत, माझ्याच युक्तीने, आणि वर मी त्याला म्हणत होते काय हौस आहे. पाव-पाव नंबराने नेलं मला. आणि मी चार वर्षं टायरला दोष दिला, कंपनीला दोन पानी पत्र लिहिलं. असं भांडले असते की ह्या भिंतींनी ऐकलं असतं. शब्द सगळे तयार होते. मी स्टुलाकडे वळले आणि माझ्या लक्षात आलं की भांडायलाही कोणी नाही. तेव्हा मी जी रडले तशी त्यांच्या जाण्याच्या दिवशीही रडले नव्हते.

संध्याकाळी मी सहाही कागद त्याच क्रमाने लावले, चिरेतून काट्याखाली सरकवले आणि काच बसवली. वन्संना फोन करून सांगितलं की पंप आता परत मिळणार नाही. मग तो दारामागे त्याच्या जागी ठेवला, सायकल भिंतीला टेकवली, आणि स्टुलासमोर खुर्ची घेऊन बसले. तीन वर्षांत बसले नव्हते. सकाळचा सगळा फेरा सांगितला, चढापासून. पुलाचं सांगितलं, सुती आवाजाचं सांगितलं. फरसबंदीपाशी आले तेव्हा जे सांगायचं होतं ते एकच होतं, आणि लग्नाच्या एकोणतीस वर्षांत ते मी त्यांना एकदाही म्हटलं नव्हतं.

"अहो," मी म्हटलं, "तुमचं खरं होतं."

आणि सवयीने थांबले, ते काय म्हणतात ते ऐकायला.